सेलूचा रस्ता सांगितला

२ इस्फंदार १३४७ फसली, बुधवार

आजपासून रोजनिशी लिहायची. कारण एकच. लोक बोलतात आणि नंतर नाही म्हणतात. लिहिलेलं असलं की नाही म्हणता येत नाही. ही वही कुणाला दाखवायची नाही. कणगीच्या मागे ठेवणार.

तारीख सरकारी, हैदराबादच्या फसली सालाची लिहीत आहे. इम्तिहान सरकारी आहे, तेव्हा तारीखही सरकारीच पाहिजे. घरात पौष महिना चालू आहे, तो घरच्यांनी पाळावा.

हकीकत अशी. आमचे मालक आबासाहेब देशमुख यांनी मोटार घेतली. मोटार जुनी आहे, पण हॉर्न नवा आहे. ती पाथरीहून मानवत रोड स्टेशनपर्यंत भाड्याने चालवायची. वकील, तहसीलचे साहेब, लग्नाची मंडळी, यांना आता बैलांच्या धमणीत बसून हाडं खिळखिळी करून घ्यायची हौस राहिलेली नाही, असं आबासाहेब म्हणतात. त्यांची धमणी मीच हाकतो. माझ्या लग्नाच्या आधीपासून हाकतो. म्हणजे हाडं कुणी खिळखिळी केली, हा रोख माझ्यावर. लक्षात ठेवलं आहे.

मोटार भाड्याने चालवायची तर सरकारी लायसन लागतं. महिनाअखेर साहेब दौऱ्यावर येणार, डाक बंगल्यात उतरणार आणि मोटारीत शेजारी बसून इम्तिहान घेणार. बसणार दोघं. एक मी, किशनराव. दुसरा माझा मेहुणा मुंजाजी. पास होईल तो आबासाहेबांचा ड्रायव्हर.

मी पास होणार यात शंका नाही. शंका बाकीच्या सगळ्यांबद्दल आहे.

३ इस्फंदार, गुरुवार

मुंजाजीला मोटार येते. पूर्णेला एका कंत्राटदाराच्या लॉरीवर होता. आबासाहेबांनी त्याला हुकूम केला की किशनला शिकव. तो लगेच हो म्हणाला. आपल्याच विरुद्ध इम्तिहानाला बसणाऱ्या माणसाला कोण शिकवतं? काहीतरी आहे.

पहिला धडा मारुतीच्या मागच्या माळावर. मुंजाजी म्हणाला, दाजी, क्लच हळू सोडा. इतकं गोड बोलून सांगितलं, म्हणून मी पटकन सोडला. मोटार उडी मारून बंद पडली. पुन्हा पटकन सोडला, पुन्हा उडी. दुपारपर्यंत हेच. मोटारीत बिघाड आहे. आज सकाळी तिच्याजवळ सगळ्यात आधी कोण गेलं होतं? मुंजाजी.

हेही लिहून ठेवतो. पाखऱ्या आणि ढवळ्या, म्हणजे धमणीचे बैल, यांना घर माहीत आहे. स्टेशनहून येताना मला डुलकी लागली तरी दारात आणून सोडतात. मोटारीला काहीही माहीत नाही.

निश्चय: उद्यापासून पहाटे उठून प्रॅक्टिस.

५ इस्फंदार, शनिवार

पहाटे उठणं झालं नाही. थंडी फार. शिवाय इतक्या लवकर उठलो तर लोकांना वाटेल, इम्तिहानाची धास्ती घेतली.

आज रिव्हर्स गिअर. मुंजाजी म्हणाला, दांडा आपल्याकडं वढायचा आन् मग मागं न्यायचा. मी विचार केला. हे खरं असतं तर त्याने इतक्या सहज सांगितलं असतं का? म्हणून दांडा पलीकडे लोटला आणि पुढे नेला. मग मागे वळून बघत ॲक्सिलेटर दाबला. मोटार पुढे गेली. पुढे आबासाहेबांची कडब्याची गंजी होती.

आबासाहेब स्वतः आले. म्हणाले, किशना, गुरांचं वरीसभराचं खाणं हाय ते, त्यात मोटार कशाला चारायला नेलीस. माणसं हसली. कोण कोण हसलं ते बघून ठेवलं आहे.

जेवताना सगळा उलगडा झाला. मुंजाजीने खरं सांगितलं होतं. पण त्याचं खरं मी खरं मानणार नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून मुद्दाम खरं सांगितलं. इतका पोचलेला माणूस माझ्या सासरच्या घरात निपजला याचं नवल वाटतं.

९ इस्फंदार, बुधवार

खाकी कोट शिवून आला. शिंपी म्हणाला, लायसन हाती येऊ द्या, मग घाला. त्याचं काय जातं? कोट घालून बाजारातून दोनदा गेलो. सगळे बघत होते. एकही नजर साफ नव्हती. संध्याकाळी डोकं चढलं.

घरातून म्हणणं पडलं की नजर लागली जनू, मीठ-मिरच्या उतरून टाकते. घरातून म्हणजे बायको झुंबरबाई. ती मुंजाजीची सख्खी थोरली बहीण आहे हे विसरून चालणार नाही. मी स्पष्ट सांगितलं, असले प्रकार बैलगाडीवाल्यांनी करावेत, मोटारवाल्याला शोभत नाहीत. इंजिनाला दृष्ट लागत नसते. ती म्हणाली, इंजिनाला न्हाई, तुमाला लागायलीय. मी कूस बदलली.

मी डोळे मिटून पडलो असताना चुलीत मिरच्या तडतडल्यासारखा आवाज आला. ठसका मात्र कुणालाच लागला नाही. फोडणी असेल. थोड्या वेळाने डोकं आपोआप उतरलं.

११ इस्फंदार, शुक्रवार. संक्रांत

मुंजाजी तिळगूळ घेऊन आला. गोड बोला म्हणाला. आजच्या दिवशी बोलायचं म्हणूनही बोलत असतील, पण त्याने दोनदा म्हटलं. तिळगूळ आधी त्याला खायला लावला, मग मी खाल्ला. घरातून माझ्याकडे रोखून पाहिलं गेलं.

जाताना म्हणाला, दाजी, जरा वळनं घ्यायची सवय करा, सरळ रस्त्यावर कुनीबी हाकतंय. हा माणूस मला वळणांत अडकवू पाहतो आहे. वळणं करायची नाहीत.

१५ इस्फंदार, मंगळवार

प्रगती उत्तम. मोटार आता उडी मारत नाही. क्लच हळू सोडायचा असतो, हे मी स्वतः शोधून काढलं. हॉर्न माझ्याइतका चांगला कुणीच वाजवत नाही. हात बाहेर काढून इशारा करता येतो. तेवढ्यात मोटार दुसऱ्या बाजूला जाते, पण इशारा बरोबर असतो.

बारवेपाशी म्हशी आडव्या आल्या. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी छातीशी ओढलं आणि हो हो म्हणालो. मोटार थांबली नाही. म्हशी थांबल्या. म्हणजे अपघात टळला तो माझ्या आवाजाने. मुंजाजीने मधून हात घालून हँडब्रेक ओढला, पण तो नंतर. तो हसला नाही. हसला असता तर बरं होतं. न हसणाऱ्याच्या पोटात काय आहे ते कळत नाही.

निश्चय: ब्रेक पायात आहे, हे रोज सकाळी तोंड धुताना म्हणायचं.

१९ इस्फंदार, शनिवार

आज फार महत्त्वाचं घडलं. पोस्टमास्तर दिनकरराव पोस्टाच्या पायरीवर उभे राहून सगळ्यांदेखत म्हणाले की, साहेब इम्तिहानाला सेलूच्याच रस्त्याने नेतात. वळणं आहेत, ओढा आहे, चढ आहे, माणसाची परीक्षा होते. गेल्या साली असंच नेलं होतं. मुंजाजी ऐकून लगोलग मोटार घेऊन सेलूच्या रस्त्याला लागला.

मी पायरीवरच बसलो आणि डोकं चालवलं. सरकारी इम्तिहानाचा रस्ता पोस्टाच्या पायरीवर फुकट मिळतो का? जो सगळ्यांना माहीत तो नसणारच. आणि साहेबांचा पुढचा मुक्काम परभणीला आहे. पावसाळ्यात मानवतच्या रस्त्याची काय गत झाली, ते त्यांना जाण्याआधी बघायचंच असणार. तेव्हा इम्तिहान मानवतच्या रस्त्यावर. दिनकररावांना सेलू सांगायला कुणी लावलं, तेही हळूहळू कळेल.

ही गोष्ट माझ्या पोटात राहील. वहीत लिहिली तेवढी बस.

२२ इस्फंदार, मंगळवार

आबासाहेबांच्या परवानगीने मोटार एकट्याने नेली. मानवतचा रस्ता. सरळ गेलो, सरळ आलो. फिरवायच्या वेळी शेतातली माणसं बोलावली, त्यांनी ढकलून तोंड इकडे करून दिलं. म्हणजे मनात आणलं तर रिव्हर्सची गरजच पडत नाही.

येताना मुंजाजी भेटला. सेलूच्या ओढ्यातून निथळत आला होता. दाजी, एक डाव तिकडूनबी या की, म्हणाला. मी बरं म्हणालो. त्याची थोडी दयाही आली.

२५ इस्फंदार, शुक्रवार

पालमहून एक माणूस बैलजोडी बघायला आला होता. दात बघितले, खूर बघितले. आबासाहेब ओसरीवरून म्हणाले, मोटार सुरू झाल्यावर धमणी कशाला पोसायची. डायवर एकच लागतो. दुसऱ्यानं आपलं आपन बघावं. दुसऱ्यानं म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंतर मुंजाजीकडेही पाहिलं, पण माझ्याकडे जास्त वेळ.

भीती वाटली. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं. मला दुसरं काही येत नाही. शेत भावांकडे आहे आणि भावांशी बोलणं नाही. तेही मला फसवणार होते, मी आधीच ओळखलं. धमणी गेली आणि मोटारही गेली तर पाथरीत माझी ओळख ती काय राहणार? किशनराव म्हणजे कोण, असं कुणी विचारलं तर लोक काय सांगतील?

ढवळ्याने त्या पालमच्या माणसाचा हात चाटला. त्याच्याकडून तरी ही अपेक्षा नव्हती.

घरातून दोनदा विचारणं झालं, काय झालं म्हणून. काही नाही, असं सांगितलं. तिने भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. आज काय आहे म्हणून मी विचारलं, तर तीही म्हणाली, काई न्हाई.

२८ इस्फंदार, सोमवार. अमावस्या. उद्या इम्तिहान

सावध राहायची वेळ आली आहे.

उद्यासाठी हिरवा फेटा खुंटीवरून काढला, तर शेवटाची चांगली वीतभर चिंधी गेलेली. उंदीर इतकं सरळ फाडत नाही. परवा मुंजाजी बहिणीला भेटायला आला होता. बसला कुठं? खुंटीखाली. माणसाच्या अंगावरच्या कापडाचं काय काय करतात हे मला माहीत आहे. माझा विश्वास नाही, पण माहीत आहे.

दुपारी घरातून विचारणं झालं, उद्या कोनच्या रस्त्यानं न्हेनार हायेत तुमाला? बायकोला रस्त्याशी काय करायचंय? लग्न झाल्यापासून कधी विचारलं नाही. आजच बरं आठवलं. माझ्या तोंडून बाहेर पडलेला शब्द संध्याकाळच्या आत भावाच्या कानात. मी चेहऱ्यावर काही दिसू न देता म्हणालो, सेलूच्या. तिने पुन्हा विचारलं, नक्की ना? शपथ घेतल्यासारखं सांगितलं, नक्की सेलूच्या. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्याचाही अर्थ मी लावून ठेवला आहे.

दिवस मावळायच्या सुमाराला जरा डोळा लागला. जाग आली तर ती माझ्या डोक्याभोवती मूठ फिरवत होती. काय करतेस म्हणालो, तर म्हणे माशी हाकलत होते. पौषातल्या थंडीत माशी? कोटाचे खिसे तपासले. सगळं जागेवर होतं. थोड्या वेळाने डोक्यावरून पदर घेऊन, पदराखाली काहीतरी धरून बाहेर गेली. परत आली ती थेट चुलीपाशी बसली. कुठं गेली होतीस म्हणून विचारलं. म्हणाली, शेजारी बायनाबाईकडं. बायनाबाईचं दार मला इथून दिसतं. ते बंद होतं.

उद्या पास झालो की या सगळ्याचा छडा लावणार.

२९ इस्फंदार, मंगळवार

जसं घडलं तसं लिहितो. पुढेमागे चौकशी झाली तर उपयोगी पडेल.

साहेब सकाळी डाक बंगल्याच्या ओट्यावर आले. हैदराबादकडचे, शेरवानी, चष्मा, टोपी. बोलणं सगळं उर्दूत आणि अगदी अदबीचं. आबासाहेब, मुंजाजी, दिनकरराव आणि अर्धी पाथरी जमली होती. वयाने थोरला म्हणून माझा नंबर पहिला. कोट, फेटा, सगळं ठीक. साहेब शेजारी बसले. म्हणाले, चलो मियां, मानवत की तरफ.

मी दिनकररावांकडे पाहिलं. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आयुष्यात एवढा आनंद मला क्वचित झाला असेल. पोस्टाची पायरी खोटी आणि मी खरा.

बाजारातून नीट गेलो. हॉर्न दिला, हाताने इशारा केला, क्लच हळू सोडला. साहेब मान हलवत होते. जनावरांच्या हौदावरून पुढे तिवाटा लागतो, डावीकडचा रस्ता सेलूचा, सरळ जातो तो मानवतचा. मी सरळ घेतली. आणि तिवाटा ओलांडतो न ओलांडतो तोच समोर, मानवतच्या रस्त्याच्या ऐन मधोमध, उतारा.

खापरावर भाताचा मुटका, त्यावर हळदकुंकू, लिंबू, बिब्बा, विझलेला कणकेचा दिवा. आणि त्या सगळ्याभोवती बांधलेली हिरवी चिंधी. माझ्या फेट्याची. काठ मी दहा हातांवरून ओळखला.

ब्रेक पायात आहे हे बरोबर आठवलं. मोटार थांबवली.

साहेब म्हणाले, क्यों रुके? मी बोट दाखवलं. साहेब बराच वेळ चष्म्यातून बघत राहिले. मग शांतपणे म्हणाले, बाजू से निकाल लो. बाजूने काढायची म्हणजे एका अंगाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण, दुसऱ्या अंगाला खड्डा, आणि मधून वळवत वळवत न्यायची. वळणं मी केलेली नव्हती. मी हात जोडून म्हणालो, साहेब, सेलूच्या रस्त्याने चला, फार चांगला रस्ता आहे, वळणं आहेत, ओढा आहे. साहेबांनी कागद काढला.

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, हे इथे पुन्हा लिहितो. पण ज्याने ठेवला त्याचा असणार, आणि काम त्याच्या विश्वासावर चालतं. माझंच कापड, माझ्याच नावाने. त्यावरून कसा जाऊ? 

मग मी दांडा आपल्याकडे ओढला आणि मागे नेला. मुंजाजीने सांगितला होता तसा. मोटार मागे निघाली, सुतासारखी सरळ. रिव्हर्स माझा पहिल्यांदाच आला आणि पूर्ण बरोबर आला. साहेब म्हणाले, पीछे देखो. उताऱ्यापासून निघाल्यावर मागे वळून बघायचं नसतं, हे लहान पोरालाही माहीत आहे. मी नाही बघितलं. साहेबांनी तीनदा सांगितलं. मी नजर उताऱ्यावरून हलवली नाही.

मागे जनावरांचा हौद होता. फार जोरात लागलं नाही. साहेबांची टोपी तेवढी हौदात पडली.

मुंजाजीचा नंबर दुपारी लागला. तीच मोटार, मागून चेपलेली. साहेब नवी टोपी घालून आले होते. रस्ता तोच. मी तिवाट्यावर उभा राहून बघितलं. मुंजाजी उताऱ्यापाशी थांबला, खाली उतरला, हात जोडले, परत बसला आणि काट्यांच्या कुंपणाला चिकटून मोटार अशी काढली की दिव्याची वातही हलली नाही. साहेब शाबाश म्हणाल्याचं मला तिथवर ऐकू आलं.

काढेलच की. ज्याने ठेवला त्याला मोटार कुठून काढायची ते माहीत असणारच.

सगळे गेल्यावर काठीच्या टोकाने ती चिंधी सोडवून आणली आहे. पुरावा आहे. उद्या बघतो.

३० इस्फंदार, बुधवार

सकाळी आबासाहेबांच्या ओसरीवर गेलो. दिनकरराव होते, शिंपी होता, पाच-सात माणसं होती. मला तेच पाहिजे होतं. काठीवर चिंधी, हातात फेटा. सगळं सांगितलं. मेहुण्याने माझ्यावर करणी केली, लायसनसाठी बहिणीच्या कुंकवावर उठला, असं म्हणालो. शब्द जरा जास्त झाले असतील. मुंजाजी खांबापाशी उभा होता. म्हणाला, दाजी, मी असं करीन का. एवढंच म्हणाला आणि खाली मान घातली. मी म्हणालो, बघा, मान खाली गेली.

तेवढ्यात पायऱ्यांवर बायको दिसली. आबासाहेबांसमोर ती कधी येत नाही. पदर कपाळावर ओढलेला. कुणी सांगितलं तिला माहीत नाही. धावत आली असावी, दम लागला होता.

म्हणाली, मालक, माझ्या भावाला काई बोलू नगा. त्यो उतारा म्या ठिवला. ह्यांना सगळ्या गावाची नजर लागली व्हती, अन्न ग्वाड लागंना, झोप लागंना. उतरून टाकते म्हणलं तर ऐकंनात. म्हणून आमुशाला निजल्यावर उतरला. फेट्याची चिंधी मीच फाडली. दिवस मावळताना एकली गेले आन् मागं न बघता आले. ज्याचा उतारा त्यानं वलांडू नये, म्हणून ह्यांना रस्ता इचारून घेतला. दोनदा इचारला. सेलूचा म्हणाले. म्हणून मानवतच्या वाटंला ठिवला.

 दिनकररावांनी पोस्टाची वेळ झाली म्हणून जोडे घातले, पण गेले नाहीत.

मग ती माझ्याकडे वळली. चारचौघांत ती माझ्याशी कधी बोललेली नाही. विचारलं, मला खोटं का सांगितलं?

उत्तर तयार होतं. तू मुंजाजीला सांगशील म्हणून. पण मुंजाजी तिथंच उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते. मला ते तोंडातून काढता येईना. दुसरं कारण शोधलं. एरवी मला कारणं कमी पडत नाहीत. ती वाट बघत उभी राहिली, आणि मग पायऱ्या उतरून गेली.

मुंजाजी पुढे आला, माझ्या हातातून काठी घेतली आणि भिंतीला लावून ठेवली. फेटा माझ्या हातातच राहिला. मला लाज वाटली. एवढ्या वर्षांत ओसरीवर कितीदा बसलो, आज कुठं बघावं ते कळेना.

१ फरवरदी, गुरुवार

काही नाही.

३ फरवरदी, शनिवार

भाकरी वेळेवर मिळते. पाणी मिळतं. बोलणं नाही. मी आपण होऊन म्हणालो, थंडी कमी झाली. ती हूं म्हणाली. पालमचा माणूस उद्या बैल न्यायला येणार आहे. मी गोठ्यात बसून होतो.

४ फरवरदी, रविवार

पालमचा माणूस हात हलवत परत गेला. आबासाहेबांनी बैल दिले नाहीत. मला बोलावून सांगितलं, पेट्रोलचे डबे सेलूच्या दुकानावर येतात, आन् पेट्रोल आणायला पेट्रोल जाळायचं न्हाई. दर आठवड्याला धमणी घेऊन जात जा. मी हो म्हणालो.

बाहेर आल्यावर शिंप्याने सांगितलं की ही अक्कल आबासाहेबांची नव्हे. मुंजाजी काल त्यांच्याकडे तासभर बसून होता. दाजीला ठेवा, म्हणून अडून बसला होता.

यात त्याचा काय डाव असेल, यावर बराच विचार केला. दुपारभर केला. सापडला नाही.

६ फरवरदी, मंगळवार

आज पहिली फेरी. पाखऱ्या आणि ढवळ्याला भल्या सकाळी पाणी दाखवलं. ढवळ्याने माझाही हात चाटला. खाकी कोट घातला नाही, पेट्रोलचे डाग पडतात.

मोटार आधी निघाली. मागे दोन वकील बसले होते. मुंजाजीने मला बघून हॉर्न दिला. चांगला वाजवतो, हे कबूल केलं पाहिजे.

धमणीवर बसलो तेव्हा ती दारात आली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा आपण होऊन बोलली. कुनीकडं निघाला, म्हणाली.

सांगितलं, सेलूच्या रस्त्याने.

तिने हातातला तांब्या खाली ठेवला, पदर खोचला, गल्लीच्या तोंडापर्यंत धमणीमागे चालत आली, आणि तिवाट्यावर बैल कुणीकडे वळतात ते बघत उभी राहिली.